मदत हवी आहे: लोखंडी बोटीवर टिलर पायलट सरळ चालत नाही

राजेहो, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये आमची मासेमारीची लोखंडी बोट हाये, आउटबोर्ड इंजिनच्या टिलरले (वळवाच्या हँडलले) जुना टिलर पायलट लावला, म्हणजे कंपास पाहून हँडल आपोआप ढकलून बोट सरळ ठेवणारं यंत्र, कंपास त्याच्या डब्यातच हाये. ऑटो दाबलं की थोडं सरळ जाते अन् मंग सापासारखी डावी-उजवी वळते, पायलटचा दांडा सारखा आत-बाहेर. जाळं ओढाले एकच माणूस असते अन् पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट हायेत, म्हणून बोटीची सरळ लाईन सुटली तर धोका आहे.

बारा व्होल्टची बॅटरी लोडवर तपासली, वायर जाड टाकली, पिन ढिली नाही, गेन (पायलट किती जोरानं वळवते ते) कमी केला तं वळणं लांब झाली पण थांबली नाहीत, वारा नसतानाही तेच. मोबाईलच्या जीपीएसशी ताडून पाहिलं तं पूर्वेकडं हेडिंग (बोटीच्या तोंडाची दिशा) जवळपास जुळते, उत्तरेकडं चांगलंच चुकते, म्हणून बोटीचं लोखंडच कंपासले चुकवते असा मले संशय येते.

नवीन सिस्टीम घेणं जमणार नाही, पण बाहेरचा कंपास जोडाचं सॉकेट आहे. लोखंडी बोटीवर ज्यानं हे वापरलं त्यानं सांगा, बोट हळूहळू गोल फिरवून कंपास कॅलिब्रेट केल्यानं (त्याची चूक काढल्यानं) भागते का, का कंपास ॲल्युमिनियमच्या खांबावरच न्यावा लागते, अन् न्यावा लागला तं पत्र्यापासून किती उंच?