पार्टीवाल्या आरपीजीत (साथीदारांची टोळी घेऊन खेळायच्या भूमिका-गेममध्ये) आधी काय बघता: माणसं की लढाई?

पॉजबटण: बाल्डर्स गेट ३ संपला, पुढचा गेम शोधतोय. एक मित्र म्हणतो, प्लेनस्केप: टॉर्मेंट घे आणि लढाई सहन कर. दुसरा म्हणतो, टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल घे आणि गोष्ट विसर. कशावर तरी पाणी सोडायलाच लागतं का?

सहावाभिडू: दोघंही खोटं बोलत नाहीयेत. टॉर्मेंटमधली (१९९९) लढाई रटाळच आहे. टेंपल (२००३) टर्न-बेस्ड (पाळीपाळीनं खेळायच्या) डावपेचांत अजूनही भल्याभल्यांना भारी पडतो, पण गोष्टीच्या नावानं बोंब.

मी मात्र गेम निवडताना एकच बघतो: पात्राचा स्वभाव लढाईत उतरतो का? पहिल्या बाल्डर्स गेटमधला (१९९८) खालिद घे. कागदावर चांगला फायटर, पण भित्रा. जरा मार बसला की पळत सुटतो. तू क्लिक करत बस, तो ऐकत नाही. बरं, काढून टाकावं तर त्याची बायकोही पार्टी सोडून जाते. बायको म्हणजे जाहिरा, तुला ३ मध्ये भेटलेलीच. तिला सोडवत नाही, मग नवऱ्याला सांभाळून घ्यायचं: हातात धनुष्य द्यायचं आणि मागच्या रांगेत उभं करायचं. त्याच्या तोंडी वाक्यं मोजकीच आहेत. तरी तो लक्षात राहतो, कारण त्याच्या भित्रेपणापायी आपली अख्खी मांडणी बदलावी लागते.

उलट, ३ मध्ये पात्राचा वर्ग बदलून देणाऱ्या विदर्सला १०० सोन्याची नाणी दिली की शॅडोहार्ट या साथीदाराची थेट बार्बेरियन (बेभान लढवय्यी) करता येते. सोय झकास आहे, मीही वापरतो. पण शार देवीची ही भक्तीण रणात कुऱ्हाड घेऊन किंचाळते आणि कॅम्पवर आली की पुन्हा देवीचं गूढ बोलायला लागते, तेव्हा दोन वेगळे गेम चालल्यासारखे वाटतात. दुसरी साथीदार कार्लाख, तिचं तसं होत नाही. तिच्या छातीतल्या इंजिनाची आग सोल कॉइन (आत्मा कोंडलेलं नाणं) घातल्यावर तिच्या वारातही उतरते. तिचं दुखणं आणि तिचं बळ एकच.

रिअलटाइमराव: खालिदचं कौतुक फार होतंय. हुकूम न मानणारा फायटर म्हणजे खोली नव्हे, डोकेदुखी. आइसविंड डेलमध्ये (२०००) सहाच्या सहा भिडू आपणच बनवायचे, कुणाला लिहिलेली गोष्ट नाही. तरी अरुंद बोळात एकट्यानं वाट अडवून धरलेला फायटर मला कुठल्याही रोमान्सपेक्षा जवळचा वाटतो. लढाई चांगली असली की पात्रं आपोआप घडतात.

सहावाभिडू: @रिअलटाइमराव, आइसविंडबद्दल मान्य. पण तो फायटर तुझ्या डोक्यात घडला, गेमला त्याचा पत्ता नाही. पुढच्या लढाईत तो तसाच कोरा. डोकेदुखीच हवी तर जॅग्ड अलायन्स २ (१९९९) काढ. तिथले भाडोत्री सैनिक, नावडता माणूस तुझ्या टीममध्ये असला तर कामावर यायलाच नकार देतात. सर्वात चांगला नेमबाज हवा की शांतता हवी, हे पहिली गोळी सुटायच्या आधीच ठरवावं लागतं. याला डावपेच म्हणणार नाहीस?

रिअलटाइमराव: याला एचआर म्हणेन. 😄 पण गेम भारी आहे, वाद नाही.

मूकवाचक: मधला मार्ग म्हणून ड्रॅगन एज: ओरिजिन्स (२००९). प्रत्येक साथीदाराला आधीच नियम लावून देता येतात: तब्येत इतकी घसरली की औषध पी, अमुक शत्रू दिसला की तमुक स्पेल (मंत्र) टाक. शिवाय मॉरिगनशी किंवा अ‍ॅलिस्टरशी जमलं की त्यांचे आकडेही वाढतात. भेटवस्तू देऊन देऊन मर्जी विकत घेता येते, तेवढं मात्र खटकतं.

पॉजबटण: ओरिजिन्स यादीत टाकला. पण सहावाभिडू, तुझ्या कसोटीवर टॉर्मेंट नापासच ना?

सहावाभिडू: उलट काठावर का होईना, पास. त्यातल्या डॅक्कॉन या साथीदाराकडे झर्थिमॉनचं चक्र (शिकवणीचा वर्तुळाकार ग्रंथ) असतं. त्यातलं एकेक वर्तुळ उलगडत त्याच्याशी बोलत गेलास की नवे स्पेल मिळतात, आणि त्याची तलवार तर त्याच्या मनःस्थितीप्रमाणे बदलते. मारामाऱ्या कमी करून अशा बोलण्यांत वेळ घालव. आणि सुरुवातीला ताकदीवर पॉइंट उधळू नकोस, सगळे विझडममध्ये (शहाणपणात) घाल. एक्स्पीरियन्स जास्त मिळतो आणि संवादांची कितीतरी दारं त्यानंच उघडतात.