मणक्यातले स्क्रू काढावेत का?

खडूफळा:
२०१९मध्ये माझं एल ४-एल ५चं फ्यूजन झालं, म्हणजे कमरेतला चौथा आणि पाचवा मणका एकमेकांना जोडले, मणका पुढे सरकला होता म्हणून. टायटॅनियमचे चार स्क्रू, दोन रॉड. पायातली कळ गेली, तिसऱ्या महिन्यात शाळेत रुजूही झाले. गेल्या दिवाळीपासून मात्र उजवीकडे रुपयाएवढ्या जागी दुखतं. स्टाफरूममधल्या लाकडी खुर्चीची आडवी पट्टी नेमकी तिथेच टोचते. एसटीत तर पाठ न टेकता बसते. मी अंगाने काटकुळी, बोट फिरवलं की आतलं टणक हाताला लागतं. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलेलं दिसतंय, त्रास होत असेल तर काढू." सासूबाई म्हणतात, लोखंड अंगात कशाला ठेवायचं? काढल्यावर मणका पुन्हा सरकला तर? कुणी काढून घेतलेत का?

घाटवळण:
ताई, मी काढले, पाच वर्षांनी. हाड पक्कं जुळलं असेल तर भार तेच पेलतं. स्क्रू-रॉड हा तोवरचा टेकू. पण "जुळलेलं दिसतंय" ते कशात, हे विचारा. माझा एक्स-रे छान होता आणि सीटी स्कॅनमध्ये एका स्क्रूभोवती काळी कड निघाली, म्हणजे तो हाडात हलत होता. नशीब, पुढे केजमधून, म्हणजे दोन मणक्यांमध्ये बसवलेल्या पोकळ ठोकळ्यातून, हाड धरलं होतं, म्हणून नुसते काढून भागलं. नाहीतर जास्त जाडीचे नवे बसवावे लागले असते.
आणि जुन्या फाइलमध्ये इम्प्लांटचं स्टिकर असतं, ते शोधाच. कंपनीगणिक स्क्रूची खाच वेगळी, त्याला तसाच ड्रायव्हर लागतो. माझं ऑपरेशन त्यापायी दोन आठवडे लांबलं.

पाठराखीण:
मी फिजिओ आहे, सर्जन नाही. काढायचं ठरवण्याआधी स्क्रूच्या डोक्यापाशी भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात का, विचारा. काही तास दुखणं थांबलं तर स्क्रूवर संशय घ्यायला जागा आहे. नाही थांबलं तर वरचा एल ३-एल ४ बघावा लागेल. खालचा सांधा जखडला की त्याच्यावर ताण वाढतो, आणि तो स्क्रू काढून कमी होत नाही. ताप आला किंवा टाक्यांच्या जागेतून पाणी आलं तर मात्र मंचावर विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा. काढल्यानंतरही भोकं भरून यायला वेळ लागतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत भरलेली बादली उचलायची नाही.

खडूफळा:
इंजेक्शन घेतलं. त्या दुपारी त्याच खुर्चीत टेकून सहावीचे पेपर तपासले, तीन तास! संध्याकाळी दुखणं परत हजर. सीटीतही हाड जुळलंय. स्टिकर सापडलं, रेशनकार्डाच्या झेरॉक्सला चिकटलेलं. मेच्या सुट्टीत काढायचं ठरतंय. काढलेले स्क्रू घरी देतात का? सासूबाईंना ते लोखंड नाही हे दाखवायचंय.

घाटवळण:
मागितले तर देतात, मला दिले. डबीत ठेवले होते, आता त्यातले दोनच उरलेत. बाकीचे पोराने शाळेत दाखवायला नेले ते आलेच नाहीत.