मदत हवी आहे: घाटासाठी इंजिन कुठलं? जपानी, जर्मन की अमेरिकन?

सेकंडहँड गाडी घ्यायची आहे. एरवी पुण्यातलं ऑफिस, आणि सुट्ट्या लागून आल्या की चिपळूण. येताना कुंभार्ली घाट चढायचा: पाच माणसं, एसी चालू, मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या.

तीन गाड्या हेरून ठेवल्यात, तिन्ही पेट्रोल, तिन्ही मॅन्युअल. होंडा सिटी १.५, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही: पॉवर १२१ पीएस ६६०० आरपीएमला (म्हणजे मिनिटाला इतके फेरे), टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर १४५ एनएम, तोही ४३०० ला. फोक्सवॅगन व्हर्टस १.० टीएसआय, टर्बो: ११५ पीएस, पण १७८ एनएम १७५० पासूनच. तिसरी फोर्ड इकोस्पोर्ट १.० इकोबूस्ट, हीही टर्बो: १२५ पीएस, १७० एनएम. स्वस्तात मिळतेय, कारण कंपनीने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं.

ऑफिसातल्या मित्राचा निकाल तयार आहे: "जपानी टिकतं, जर्मन पळतं, अमेरिकन पितं." ऐकायला झकास. पण हे 'अमेरिकन' इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, आणि विकसित झालंय इंग्लंडात, फोर्डच्या डंटन केंद्रात! कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या ५.७ लिटर, आठ सिलिंडरच्या व्ही-८ वरून याची पारख कशी करायची?

कागदावर पॉवर जवळपास सारखी, मग चढावर फरक किती पडेल? आणि इकोबूस्टचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) तेलात फिरतो म्हणे, त्याची भानगड काय? मेकॅनिक नुसतं "बिनधास्त घ्या" म्हणतोय.

प्रतिसाद १
देश सोडा, आरपीएम बघा. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२३ केलं की पीएस मिळतात. २००० आरपीएमला व्हर्टस साधारण ५० देते. सिटी तिथे ४१ च्या आतच, कारण तिचा पूर्ण टॉर्क अजून यायचाय. सिटी चढत नाही असं नाही. गिअर उतरवा, ४००० च्या वर ठेवा, ओरडेल पण चढेल. ते इंजिन फिरवण्यासाठीच बांधलंय. उलट टर्बोवाल्या दोघी हेअरपिनला, म्हणजे घाटातल्या तीव्र वळणाला, १५०० च्या खाली गेल्या की ढिम्म. तिथे दुसरा गिअर हवाच.

प्रतिसाद २
बेल्टचं दुखणं खरं आहे. चुकीचं तेल पडलं किंवा तेल बदलायला उशीर झाला की रबर झिजतं, कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, तेलाचं प्रेशर पडतं. सर्व्हिसची बिलं मागा, तेलाचा ग्रेड लिहिलेला हवा. नसेल तर सरळ नाही म्हणा. शिवाय व्हर्टस आणि इकोबूस्टमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, कार्बन साचतो. सिटीला ती कटकट नाही.

धागाकर्ता
आभार! इकोस्पोर्टवाल्याकडे शेवटच्या दोन सर्व्हिसची बिलंच नाहीत, म्हणजे ती बाद. व्हर्टस की सिटी? बायकोला चालवायला कमी गिअर बदलावे लागणारी हवी, मला दहा वर्षं टिकणारी. कुंभार्लीत भरल्या गाडीने व्हर्टस नेलेलं कुणी आहे का इथे?