कादंबरीत खरं शहर ठेवावं की नाव बदलावं?

तळटीप:
कादंबरीचा पहिला खर्डा झालाय. गोष्ट एका खऱ्या शहरात, १९९० च्या आसपास घडते. रस्ते, पूल, स्टेशन, कोर्ट सगळं नावानिशी आलंय. खऱ्या जागेमुळे कथेला नेमकं काय मिळतं? 'वातावरणनिर्मिती' हे उत्तर नको, ते ऐकून झालंय. कथेतल्या रुग्णालयात एक गैरप्रकार घडतो, तिथे खरं रुग्णालय ठेवावं का? आणि अशा लेखनात हमखास कुठे घसरायला होतं? जाणकारांनी लिहावं.

उंबरठा:
खरी जागा लेखकाच्या हातात बेड्या घालते, आणि फायदा तोच आहे. कल्पित गावात पूल हवा तिथे बांधता येतो. खऱ्या शहरात तो जिथे आहे तिथेच असतो, त्यामुळे पात्राला वळसा पडतो, उशीर होतो, आणि त्या उशिरातून प्रसंग उभा राहतो.

जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीचं उदाहरण घासून गुळगुळीत झालंय, पण त्यातला हा तपशील बघा. नायक ब्लूम रात्री घरी येतो तेव्हा खिशात किल्ली नसते. घर डब्लिनमधलं, ७ एक्लीस स्ट्रीट. दारापुढे लोखंडी रेलिंग, त्याच्या आत तळघरापुढची खोलगट जागा. जॉइस तेव्हा पॅरिसमध्ये होता. १९२१ मध्ये त्याने डब्लिनमधल्या मामीला पत्र लिहून विचारलं, की साधारण माणूस त्या रेलिंगवर चढून, आतल्या बाजूला लोंबकळून, पाय जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आले की हात सोडून, इजा न होता उतरू शकेल का? ते जमणारं नसतं तर प्रसंगच बदलावा लागला असता.

यावरून एक चाचणी. प्रत्येक प्रसंगातलं जागेचं नाव खोडा आणि दुसऱ्याच शहरातलं घाला. काहीच मोडलं नाही तर ते नुसतं नेपथ्य, ठेवलं काय नि काढलं काय. प्रसंग मोडला, तर तिथल्या तपशिलात जराही सवलत घेऊ नका.

जुना_नकाशा:
सहमत. आता घसरण्याच्या जागा.

सर्वाधिक चुका काळाच्या. आजचा नकाशा समोर ठेवून १९९० लिहायला बसलं की नंतरचे उड्डाणपूल, एकेरी वाहतूक, रस्त्यांची बदललेली नावं गुपचूप आत शिरतात. त्या वर्षाच्या जवळपासचा छापील नकाशा, टेलिफोन डिरेक्टरी आणि रेल्वेचं वेळापत्रक मिळवा. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू (रस्त्यांचे फोटो दाखवणारा नकाशा) २००७ मध्ये सुरू झालं, त्याआधीच्या काळासाठी त्यावर विसंबू नका. लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग १९९१ मध्ये झालं. आज मागे वळून सांगणाऱ्या निवेदकाने नवं नाव वापरलं तर चालेल, पण १९८५ च्या सरकारी कागदावर लेनिनग्राडच हवं.

मग आकाश. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. मध्यरात्री क्षितिजावरून वर येणारा पूर्ण चंद्र फक्त कादंबऱ्यांत दिसतो. लंडनमध्ये जूनअखेर सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच. समुद्रकिनारा असेल तर भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी दुपारी बाराला पूर्ण भरती असेल तर शुक्रवारी ती सव्वातीनच्या पुढे जाते. 'चार दिवसांनी त्याच वेळी त्याच खडकावर लाटा आपटत होत्या' असं लिहिलं की संपलं.

अंतरासाठी चार रकान्यांचा तक्ता करा: निघायची वेळ, कुठून कुठे, किती अंतर, पोहोचायची वेळ. चालणाऱ्याला किलोमीटरला १२ ते १५ मिनिटं धरा, चढ किंवा गर्दी असेल तर २०. पाठलागाचे प्रसंग इथे पटापट उघडे पडतात.

रिकामी_खोली:
रुग्णालयाचं खरं नाव ठेवू नका. 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ म्हणजे काही चिलखत नव्हे, ओळखू येणाऱ्या संस्थेवर गुन्हा लादला तर बदनामीचा दावा होऊ शकतो. निव्वळ नाव बदलूनही भागत नाही. त्याच चौकात, तेवढ्याच मजल्यांचं, त्याच उपचारांसाठी प्रसिद्ध असं काही लिहिलंत तर शेंबडं पोरही ओळखेल. संस्था कल्पित आणि भोवतालचे रस्ते खरे, हे उत्तम जमतं.

ती बसवायची कुठे? जिथे त्या काळी काही नव्हतं तिथे. 'युलिसिस' १९०४ मध्ये घडते, आणि जॉइसने ब्लूमसाठी निवडलेलं घर त्या वर्षी रिकामं होतं. शेरलॉक होम्सची पहिली कथा १८८७ मध्ये आली तेव्हा त्याचा पत्ता होता लंडनमधला २२१बी, बेकर स्ट्रीट; पण त्या रस्त्यावरचे घर-क्रमांक २२१ पर्यंत पोचतच नव्हते. पुढे १९३० च्या दशकात क्रमांक नव्याने लागले, २२१ एका वित्तसंस्थेच्या इमारतीत आला आणि होम्सच्या नावाने येणाऱ्या पत्रांना उत्तरं द्यायला तिथे माणूस नेमावा लागला. याला लेखकाकडे इलाज नाही.

सगळंच नाव बदलायचं असेल तर अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनरची रीत बघा. त्याचा योक्नापटॉफा हा कल्पित परगणा मिसिसिपी राज्यातल्या लाफायेट या खऱ्या परगण्यावर बेतलेला. १९३६ च्या कादंबरीला त्याने स्वतः काढलेला नकाशा जोडला: क्षेत्रफळ २४०० चौरस मैल, लोकसंख्या १५,६११. म्हणजे नाव बदललं तरी वर म्हटलेल्या बेड्या सुटत नाहीत, फक्त स्वतःच्या हाताने घालून घ्याव्या लागतात.

तळटीप:
आभार. तपशील किती घालावेत? माझ्या पहिल्याच पानावर सात रस्त्यांची नावं आहेत.

उंबरठा:
सहा काढा. ते शहर न पाहिलेल्या वाचकाला नाव म्हणजे नुसता आवाज. रस्ता चढाचा आहे, फुटपाथ एकाच बाजूला आहे, कोर्टाचं फाटक साडेपाचला लागतं, हे त्याला कळतं. शिवाय तिथेच वाढलेलं पात्र रस्त्याचं पूर्ण नाव घेत नाही, 'पुलावरून ये' म्हणतं. पूर्ण नाव पाहुण्याच्या तोंडी द्या. (अवांतर: पात्र वाट चुकलंय अशा प्रसंगात सातही नावं खुशाल राहू द्या.)

जुना_नकाशा:
आणि छापायला देण्याआधी तिथे राहणाऱ्या कुणाला तरी फक्त जागांचे परिच्छेद वाचायला द्या, अख्खी कथा नको. कथेत गुंतलेला माणूस चुकीचं वळणही मुकाट्याने घेतो.