चार एकर द्राक्षबागेसाठी हवामान केंद्र आणि ओलीचे सेन्सर घ्यावेत का?

प्रश्न : द्राक्ष बागायतदार, तालुका निफाड

नमस्कार. माझी चार एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. निम्मी जमीन काळी भारी आणि निम्मी मुरमाड आहे. पाणी ठिबकवर असून विहिरीवरील पंपाला तीन फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. आमच्या भागात एक कंपनी बागेत छोटे हवामान केंद्र, पानावरील ओलावा मोजणारा सेन्सर आणि मुळांच्या दोन खोलींवर मातीतील ओल मोजणारे सेन्सर बसवून देत आहे. त्यांची माहिती मोबाईलवर दिसते आणि केव्हा पाणी द्यावे, केव्हा फवारणी करावी, याचा सल्लाही मिळतो. यंत्राची किंमत एकदा भरायची असली तरी सल्ल्याची वर्गणी दरवर्षी भरावी लागणार आहे. फळांसाठी केल्या जाणाऱ्या गोडी बहार छाटणीपूर्वी निर्णय घ्यायचा आहे. ज्यांनी अशी यंत्रणा वापरली आहे, त्यांनी तिचा खरोखर उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे कृपया सविस्तर सांगावे. विक्रेत्याकडून फायदे ऐकून झाले आहेत.

उत्तर १ : द्राक्ष बागायतदार, तालुका तासगाव

दादा, आमच्या बागेत अशी यंत्रणा काही हंगामांपासून आहे, म्हणून अनुभवाने लिहितो. सर्वांत मोठा फायदा डाऊनी, म्हणजे केवडा या बुरशीजन्य रोगाच्या बाबतीत होतो. डाऊनीच्या बुरशीला पानावर प्रत्यक्ष पाणी लागते. पान काही तास सलग ओले राहिले आणि तापमान साधारण २० ते २५ अंशांच्या आसपास असले, तर संसर्गाला अनुकूल स्थिती तयार होते. पूर्वी आभाळ भरून आले की आम्ही धास्तीने फवारणी करत असू. आता रात्री दव किती वाजता पडले आणि पान किती वाजता सुकले, हे सकाळी समोर दिसते, आणि ज्या दिवशी धोका नाही त्या दिवशी फवारणीचा ब्लोअर घरीच राहतो. औषध, डिझेल आणि मजुरी वाचते, हे तर आहेच. पण निर्यातीच्या मालासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काढणीच्या तोंडावर होणाऱ्या अनावश्यक फवारण्या टळतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे नाकारली गेली, हे आपणा सर्वांना आठवत असेल.

मात्र भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाच्या बाबतीत हाच सेन्सर आपल्याला फारसे काही सांगणार नाही, कारण भुरीला पानावर पाणी साचण्याची गरज नसते. ढगाळ, दमट हवा आणि दाट कॅनॉपी (वेलीच्या पानांचा पसारा) असली की ती येते. मोबाईलवर ‘धोका नाही’ असे दिसत असताना दाट फुटीच्या आतल्या घडांवर भुरी सुरू झालेली मी पाहिली आहे. त्यामुळे बागेतून रोजची फेरी बंद करून चालत नाही.

आणखी एक मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने नाशिकपासून सांगलीपर्यंत बागा उद्ध्वस्त केल्या. त्या काळात इशाऱ्यांची कमतरता नव्हती, कारण धोका आहे हे आभाळाकडे पाहूनच कळत होते. अडचण ही होती की चिखलामुळे ट्रॅक्टर बागेत शिरत नव्हता आणि मारलेले औषध पुढच्या सरीत धुऊन जात होते. सेन्सर वेळ सांगतो. त्या वेळेत काम उरकण्याची ताकद, म्हणजे निचरा, मजूर, ब्लोअर आणि वीज, आपल्यालाच उभी करावी लागते. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचत असेल आणि हातात मर्यादित रक्कम असेल, तर आधी चर काढून निचरा सुधारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ : शेती उपकरणांची देखभाल करणारा तंत्रज्ञ, नाशिक

वरील उत्तर योग्य आहे. मी यंत्रांच्या बाजूने काही गोष्टी जोडतो, कारण निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ उपकरणात नसून ते बसवण्यात आणि त्याच्या निगेत असते.

आपली निम्मी जमीन काळी आहे, ही बाब गंभीरपणे घ्यावी. काळी माती सुकताना आकसते आणि भेगाळते. सेन्सर आणि माती यांच्यात हवेची पोकळी तयार झाली की ओल प्रत्यक्षात असूनही यंत्र कोरडे दाखवते, आणि शेतकरी गरज नसताना पाणी सोडतो. जमीन किंवा पाणी क्षारयुक्त असेल, तर स्वस्त सेन्सर उलट दिशेने चुकतात आणि ओल जास्त दाखवतात. म्हणून सेन्सर बसवताना छिद्रात त्याच जागच्या मातीची रबडी भरून तो घट्ट बसवला पाहिजे, तो ड्रीपरपासून ठरावीक अंतरावर बोदातच (वेलींच्या ओळीच्या मातीच्या उंचवट्यातच) असला पाहिजे, आणि काळ्या व मुरमाड भागासाठी वेगवेगळे सेन्सर असले पाहिजेत. एकाच सेन्सरवर चारही एकरांचे पाणी ठरवायला सांगणारा सल्ला मान्य करू नये. पहिल्या हंगामात ड्रीपरखालची माती खणून, मुठीत दाबून वाफसा (योग्य ओल) पाहण्याची आपली जुनी रीत चालू ठेवावी आणि यंत्राचा आकडा तिच्याशी ताडून पाहावा.

पानाच्या ओलाव्याच्या सेन्सरवर बोर्डो मिश्रणाचा (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचा) थर बसतो. तो थर दव धरून ठेवतो आणि पान सुकले तरी यंत्र ओले दाखवत राहते. फवारणीनंतर ओल्या मऊ फडक्याने तो पुसावा, एवढीच निगा लागते, पण ती कोणी करत नाही. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाने आणि कोळ्याची जाळी अडकतात आणि भर पावसात शून्याची नोंद होते. केबल उघडी राहिली तर उंदीर-घुशी ती कुरतडतात, म्हणून ती पाईपमधून न्यावी.

केवळ पाण्याचा प्रश्न असेल, तर टेन्शिओमीटर हा स्वस्त पर्याय आहे. त्यात वीज, सिमकार्ड, वर्गणी काही लागत नाही. पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र सिरॅमिकचा कप आणि वर दाबमापक, एवढीच त्याची रचना असते. माती फार कोरडी झाली की त्यात हवा शिरते आणि ते पुन्हा भरावे लागते, तरी ठिबकवरील द्राक्षाला ते पुरेसे पडते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. निचऱ्याचा मुद्दा आमच्या बागेला तंतोतंत लागू होतो. आणखी दोन शंका आहेत. शेजारच्या तीन बागायतदारांनी मिळून एकच केंद्र घेतले तर चालेल का? आणि पंप मोबाईलवरून चालू-बंद करण्याच्या सोयीविषयी आपले मत काय आहे?

उत्तर ३ : शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालिका, तालुका दिंडोरी

आमच्या गटाने सामाईक केंद्राचाच मार्ग स्वीकारला आहे. तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस यांची नोंद लगतच्या बागांना बऱ्याच अंशी चालते. मातीतील ओल आणि पानावरील ओलावा मात्र प्रत्येक बागेत निराळा असतो, कारण जमीन, कॅनॉपी, छाटणीची तारीख आणि पाणी देण्याची वेळ निराळी असते. म्हणून केंद्र सामाईक आणि ओलीचे सेन्सर ज्याचे त्याचे, अशी विभागणी करावी. खर्चाची वाटणी आणि निगेची जबाबदारी आधीच लिहून ठेवावी.

पंपाच्या मोबाईल स्टार्टरबद्दल मला कसलीही शंका नाही. तो अवश्य घ्यावा, आणि पैसे थोडेच असतील तर सर्वांत आधी तोच घ्यावा. आमच्या भागात उसाच्या आडोशाने बिबट्याचा वावर आहे. रात्री वीज आल्यावर माणसाला विहिरीवर जावे लागणे, हा उत्पन्नाचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण याच अडचणीतून घडवले आणि ते साध्या फोनवरही चालत असे. घेताना कोरड्या पंपापासून आणि फेज जाण्यापासून संरक्षण आहे ना, हे पाहावे, आणि हाताने पंप चालू करण्याची सोय काढून टाकू नये.

माझा खरा आग्रह करारपत्र वाचण्याबद्दल आहे. बागेत केव्हा काय फवारले, किती पाणी दिले आणि किती माल निघेल, ही माहिती व्यापारी, औषध कंपनी आणि विमा कंपनी या तिघांनाही मोलाची आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीची ओळख पटवणाऱ्या माहितीपुरता आहे. शेतातील नोंदींच्या मालकीविषयी त्यात स्वतंत्र तरतूद नाही. तेव्हा आपले संरक्षण करारातच असले पाहिजे. माहिती आमच्या लेखी संमतीशिवाय तिसऱ्या कोणाला द्यायची नाही आणि वर्गणी थांबवली तरी जुन्या नोंदी उतरवून घेता आल्या पाहिजेत, या दोन अटी आम्ही लिहून घेतल्या. वर्गणी संपल्यावर यंत्राचे साधे आकडेसुद्धा दिसेनासे होतात का, हेही विचारावे. २०२२ मध्ये युक्रेनच्या मेलिटोपोलमधून रशियन सैनिकांनी पळवलेली शेतीयंत्रे दुरूनच बंद करण्यात आली. त्या प्रसंगी ते योग्यच होते, परंतु आपल्या शेतातले यंत्र बंद करण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न प्रत्येक खरेदीदाराने विचारायला हवा, हे त्यातून दिसते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

ताई, आपला मुद्दा पटला. छाटणीपूर्वी काळ्या भागात चर काढून घेतो, मोबाईल स्टार्टर बसवतो आणि दोन्ही जमिनींत एकेक टेन्शिओमीटर लावतो. सामाईक केंद्राबाबत शेजाऱ्यांशी बोलणी सुरू केली आहेत. शक्य असल्यास गटाच्या करारातील त्या दोन अटींचा मसुदा, कंपनीचे नाव वगळून, येथे द्यावा, म्हणजे आम्हाला तो पुढे ठेवता येईल.