मदत हवी आहे: चाखोखबिली (जॉर्जियन चिकन) घरी करायची आहे

कृष्णाकाठ:

मंडळी, रविवारी घरी चाखोखबिली करायचा बेत आहे, जाणकारांनी मार्गदर्शन करावं. हे जॉर्जियातलं टोमॅटो आणि भरपूर हिरव्या पाल्यात शिजवलेलं चिकन. जॉर्जिया म्हणजे कॉकेशसमधला देश, अमेरिकेतलं राज्य नव्हे (आमच्या ह्यांना दोनदा सांगावं लागलं).

भाचा तिबिलिसीला मेडिकलला आहे. सुट्टीवर आल्यापासून "मामी, तिकडचं चिकन कर ना" असा धोशा लावलाय. त्याला खाऊन माहीत, करून माहीत नाही. चव कशी असते विचारलं तर म्हणतो "वेगळी असते". एवढ्यावर कुणी स्वयंपाक करावा!

शोधायला गेले तर जितक्या पाकृ तितक्या तऱ्हा. एकीत बटाटे, दुसरीत वाइन, तिसरीत अक्रोड. पण बहुतेकांनी लिहिलंय की कोंबडी तेलाशिवाय, कोरड्या भांड्यात परतायची आणि पुढेही पाणी घालायचं नाही. भांड्याला चिकटणार नाही का? आणि पाण्याशिवाय रस्सा होणार कसा?

दुसरी अडचण पाल्याची. सांगलीत कोथिंबीर हवी तेवढी मिळते, पण टॅरागॉन, सेव्हरी, जांभळी बेसिल ही नावं भाजीवाल्यापुढे काढायचीसुद्धा सोय नाही. भाच्याने तिबिलिसीच्या मंडईतून एक मसाल्याची पुडी आणली आहे. तिच्यावर सगळा मजकूर जिलबीच्या वेढ्यांसारख्या त्यांच्या अक्षरांत. तो म्हणतो "बाजारातल्या आजीने दिली, हे सगळ्यात घालतात म्हणाली". त्याला कामापुरती भाषा येते, मसाल्यापुरती नाही.

आणि सासूबाई माळकरी आहेत. त्यांच्यासाठी त्याच धाटणीचं काही करता येईल का? कांदा-लसूण चालतो त्यांना.

ता.क. आमच्या घरचा कांदा-लसूण मसाला एखादा चमचा घातला तर चालेल का? हात शिवशिवतो हो.

पळीपंचपात्र:

अक्रोडाची पांढुरकी ग्रेव्ही असते तेच ना हे? आम्ही दुबईत एका जॉर्जियन हॉटेलात खाल्लं होतं. थंडगार आणून ठेवलं, बायकोने परत गरम करायला पाठवलं. वेटरचा चेहरा बघण्यासारखा होता.

रुस्तावेलीवरून:

@पळीपंचपात्र, तुम्ही खाल्लं ते सात्सिवी. ते थंडच खातात, नवीन वर्षाच्या जेवणात तर हवंच. अक्रोड, लसूण आणि मसाले वाटून केलेलं असतं. चाखोखबिलीत अक्रोड नाही. पाककृतीत अक्रोड दिसला की ती बाजूला ठेवा.

कृष्णाकाठताई, मी नोकरीनिमित्त काही वर्षं तिबिलिसीत होते. घरमालकीण बाई हे आठवड्याला करायच्या, त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून शिकले. जमेल तेवढं सांगते.

पूर्वी हे फेझंटचं करत. तो पक्षी तिकडचाच, पश्चिम जॉर्जियात रिओनी नदीच्या खोऱ्यातला. आता सगळीकडे कोंबडीच. कोरडं परतायचं गणित कातडीवर चालतं. तिकडची कोंबडी कातडीसकट असते, तापलेल्या जाड भांड्यात टाकली की स्वतःच्या चरबीत खरपूस होते. आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी सोलून देतो, त्यामुळे तुमची भीती रास्त आहे. कातडीसकट मागा. "करी कट" नको, सव्वा ते दीड किलोची कोंबडी असेल तर आठ-दहा मोठे तुकडे करून घ्या. बारीक तुकड्यांचा हाडांसकट चुरा होतो. कातडी चालत नसेल तर दोन चमचे लोणी घालून परता, कुणी पोलीस पाठवणार नाही.

तुकडे आधी पुसून कोरडे करा. भांडं चांगलं तापू द्या, तुकडे एका थरात मांडा, झाकण नाही, मीठ नाही. पहिली काही मिनिटं हात लावू नका, कातडी खरपूस झाली की तुकडा आपोआप सुटतो. ब्रॉयलरला पाणी सुटतं. ते आटवत बसू नका, वाटीत काढून ठेवा आणि परतत राहा. टोमॅटो घातल्यावर ते पाणी परत आत जातं. तिकडेही असंच करतात. हे, टोमॅटोचा रस आणि कांद्याचं पाणी मिळून भरपूर रस्सा होतो. वरून पेलाभर पाणी ओतलंत की चव गेली.

आता जिथे आपला हात घात करतो ते. कांदा तीन मध्यम, पातळ चिरून, लोण्यावर फक्त मऊ करायचा. लाल नाही, गुलाबीसुद्धा नाही. आलं-लसूण पेस्ट नाही. टोमॅटो पाऊण ते एक किलो, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून साल काढा आणि हातानेच कुस्करा. मिक्सरला लावू नका, आणि मुख्य म्हणजे तेल सुटेपर्यंत परतू नका! टोमॅटो घातले, मीठ घातलं, झाकण ठेवलं, मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. सगळा वास शेवटच्या पाच मिनिटांत घालायचा. चार-पाच लसूण पाकळ्या मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचून, एक चिरलेली मिरची, चमचाभर धनेपूड, सुका मसाला आणि दोन मोठ्या मुठी भरून चिरलेला पाला. एक चटका, गॅस बंद, दहा मिनिटं झाकून ठेवा. आपण वास आधी फोडणीत घेतो आणि कोथिंबीर वर भुरभुरवतो. इथे कोथिंबीर ही भाजीच समजा.

त्यामुळे कांदा-लसूण मसाल्याचं उत्तर: जरूर घाला, पण मग त्याला रस्सा म्हणा. :)

बटाटे काही घरांत घालतात, काही घरांत त्यावरून भांडणं होतात. वाइनचंही तेच. दोन्ही नसलं तरी काही बिघडत नाही.

उलथणं:

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त भांड्याबद्दल. बिडाच्या कढईत कोंबडी सुंदर भाजली जाईल, पण किलोभर टोमॅटो त्यात अर्धा तास रटरटवले तर रंग काळपट आणि चव लोखंडी होते. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यातही टोमॅटोचा आंबटपणा कुरबुर करतो. बिडात भाजा आणि जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात शिजवा. आणि गावरान कोंबडी आणणार असाल तर वेळेचं गणित विसरा, तासाभराच्या वर लागेल. तेवढा वेळ टोमॅटोचा रस पुरत नाही, तेव्हा थोडं गरम पाणी घालावंच लागेल.

अंजिरी:

पाल्याबद्दल मी सांगते, माझा विषय आहे तो.

जांभळी बेसिल शोधत फिरू नका, सब्जाचं रोप शोधा. फालुद्यात घालतो त्या बियांचं. वनस्पती तीच, जांभळ्याऐवजी हिरवी मिळेल एवढंच. अंगणातली तुळस मात्र घालू नका, तिचा लवंगी-कापरी वास सगळ्यावर स्वार होतो. टॅरागॉनला बडीशेपेच्या अंगाचा वास असतो. म्हणून कुणी बडीशेप घालायला सांगेल, मी म्हणेन नकोच, कोथिंबीर वाढवा. पार्सली मॉलमध्ये मिळाली तर घ्या, नाहीतर जाऊ द्या.

आता ती पुडी. तिकडचा सगळ्यात प्रसिद्ध मसाला म्हणजे ख्मेली सुनेली. त्यात धने, सुकी बेसिल, शेपू, मरवा, सेव्हरी, झेंडूच्या सुक्या पाकळ्यांची पूड आणि निळी मेथी असं मिश्रण असतं, घराघरात प्रमाण वेगळं. पण नुसत्या निळ्या मेथीची पूडही सुटी विकतात. ती एकसारखी, फिकट हिरवट-करडी दिसते. ख्मेली सुनेलीत बारीक पानांचे कण दिसतात. चिमूटभर जिभेवर ठेवून सांगा काय लागतं ते.

कृष्णाकाठ:

किती छान सविस्तर लिहिलंय सगळ्यांनी! अंजिरी, आत्ताच चाखली. चक्क खारट आहे! आणि लसणाचा ठणठणीत वास. रंग पिवळसर, मध्ये तांबडे ठिपके. भाचा म्हणतो "मी तर अंड्यावर टाकून खायचो".

रुस्तावेलीवरून:

मग ते स्वानुरी मारिली! स्वानेतीचं मीठ. स्वानेती म्हणजे वायव्येकडचा उंच डोंगराळ भाग, मेस्तिया, उश्गुली ही गावं तिथली. मिठात लसूण ठेचून त्यात निळी मेथी, धने, शेपू, शहाजिऱ्याच्या जातीचं जिरं, झेंडूच्या पाकळ्या आणि लाल मिरची. त्या आजीने खोटं सांगितलं नाही, ते खरंच सगळ्यात घालतात. काकडी-टोमॅटोवर तर अप्रतिम.

चाखोखबिलीत वापरा, पण शेवटी, आणि आधी घातलेलं मीठ अर्ध्यावर आणा. एक चमचा घालून चव बघा, मग पुढचं. ख्मेली सुनेलीची जागा ते पूर्ण भरून काढत नाही, म्हणून थोडी घरगुती पूड करून जोडीला घ्या. अंजिरी, तुम्ही सांगता का प्रमाण?

अंजिरी:

सांगते. दोन चमचे धनेपूड, एक चमचा सुकवलेला शेपू, एक चमचा सुकवलेली सब्जाची पानं, अर्धा चमचा सुका मरवा (गजऱ्यातला घेऊ नका, त्यावर काय मारलंय देव जाणे, रोपवाटिकेतून कुंडी आणा) आणि पाव चमचा मेथीपूड. निळी मेथी आपल्या मेथीपेक्षा सौम्य, जराशी अक्रोडी वासाची असते. म्हणून मेथीदाणे मंद आचेवर हलके भाजून घ्या आणि पाव चमच्याच्या वर जाऊ नका, नाहीतर मेथीच्या लाडवांचा वास येईल. कसुरी मेथी नको, ती पंजाबच्या दिशेने नेते.

झेंडूही वगळा. खाण्यासाठी वाढवलेला मिळत नाही, आणि हाराच्या फुलांवर फवारणी असते. त्याच्या जागी हळद घालायचा मोह होईल, आवरा.

कुणी तमालपत्र सुचवलं तर तेही नको. त्यांच्या मसाल्यात येतं ते लॉरेलचं पान, आपलं तमालपत्र दालचिनीच्या घराण्यातलं. एकाच्या जागी दुसरं घातलं तर बिर्याणीची आठवण येते.

पळीपंचपात्र:

अवांतर: सोबत काय खायचं? भात?

रुस्तावेलीवरून:

पाव. तिकडे शोतीस पुरी नावाचा होडीच्या आकाराचा पाव असतो. तंदूरसारख्या मातीच्या खोल भट्टीत भिंतीला थापून भाजतात, तिला तोने म्हणतात. सकाळी गल्लीतल्या भट्टीवरून गरम पाव आणायचा आणि घरी पोचेपर्यंत टोक खाऊन संपलेलं असायचं. आपल्याकडे कडक पाव किंवा ब्रून घ्या. गोव्यातलं कुणी वाचत असेल तर पोई झकास लागेल. वडापावचा मऊ गोडसर पाव नको. भात तिथे कुणी घेताना पाहिला नाही, पण आपल्या घरात आपलं राज्य.

ताई, सासूबाईंसाठी आजाप्सांदाली करा. वांगी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, हवं तर बटाटा, आणि शेवटी तोच लसूण, तोच पाला, तोच मसाला. वांग्याचे मोठे तुकडे तेलावर आधी वेगळे परतून घ्या. लोणीसुद्धा लागत नाही. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ईस्टरच्या आधी कित्येक आठवडे उपवास पाळतात, त्यात मांस, दूध, अंडी बंद. त्यामुळे त्या स्वयंपाकात शाकाहारी पदार्थांना तोटा नाही. राजमा शिजवून, कांदा-कोथिंबीर घालून केलेलं लोबिओही आहे. ते मक्याच्या जाड भाकरीबरोबर खातात, त्या भाकरीला मछादी म्हणतात. सासूबाईंना ते जास्त ओळखीचं वाटेल.

वांगी चिकनच्या आधी, स्वच्छ भांड्यात उरकून घ्या. तुम्हाला सांगायला नकोच.

कृष्णाकाठ:

लोबिओ आणि मक्याची भाकरी पक्कं! सासूबाईंना वाचून दाखवलं, म्हणाल्या "म्हणजे घेवड्याची उसळच की, त्यात एवढं काय". वांगंही करेन, घरात वांग्याचे भक्त आहेत.

एक शेवटची शंका. आता भाच्याचे मित्रही येणार आहेत, म्हणजे दहा-बारा माणसं. सगळं सरळ दुप्पट करू का?

उलथणं:

कोंबडी दुप्पट, पण परतणं घाण्या-घाण्यांनीच. एका भांड्यात तीन किलो टाकलीत तर भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात उकडेल आणि रंग यायचा नाही. काढलेल्या पाण्यातलं निम्मंच परत घाला. मोठ्या पातेल्यात रस कमी आटतो, म्हणून टोमॅटो दुप्पट न घेता पावणेदोन पट पुरे. मीठ तर अजिबात दुप्पट नको, तुमच्या त्या स्वान मिठात आहेच.

रुस्तावेलीवरून:

बरोबर. आणि पाला मात्र सढळ हाताने दुप्पट, जमलं तर थोडा जास्तच. हायब्रिड टोमॅटो फार आंबट निघाले तर चिमूटभर साखर चालेल. गावठी मिळाले तर आधी तेच घ्या. शनिवारी रात्री करून ठेवायचं असेल तर पाला आणि लसूण घालायच्या आधी थांबा. रविवारी गरम करून उकळी आली की मग घाला.