अमेरिकेतली जुनी जाहिरातीची पोस्टकार्डं : साल, दुकान आणि खरं-खोटं कसं शोधायचं?

कागदवेडी :
नमस्कार मंडळी, मी मिशिगनमध्ये राहते. इकडे घरातलं म्हातारं माणूस गेलं की घरचे लोक सगळं सामान एस्टेट सेलमध्ये काढतात, तशा एका सेलमधून जुन्या पोस्टकार्डांनी भरलेला बुटाचा खोका आणलाय. चर्च, नदी, पूल असली कार्डं आहेतच पण निम्म्याहून जास्त चक्क जाहिराती निघाल्या आणि मला त्याच जास्त आवडल्यात, रात्री जेवणं उरकली की टेबलावर मांडून बसते.

एकावर राउंड ओक कंपनीची शेगडी आणि बाजूला त्यांचा तो डो-वाह-जॅक नावाचा इंडियन (आपल्याकडचा नव्हे, अमेरिकेतला मूलनिवासी), खाली वेगळ्याच शाईत कुठल्यातरी हार्डवेअर दुकानाचं नाव. एकावर नुसता मजकूर, की आमचे अमुक साहेब अमुक तारखेच्या सुमारास आपल्याकडे येतील, तोवर ऑर्डर राखून ठेवावी. क्रॅकर जॅक या गोड पॉपकॉर्न-शेंगदाण्याच्या खाऊच्या जाहिरातीतल्या दोन अस्वलांची काही कार्डं आहेत, फारच गोड. आणि एक सिंगर शिवणयंत्राचं, त्यावर आपल्याकडची माणसं!! ते बघून मी उडालेच, कारण माझ्या आजीकडे सिंगरचंच पायमशीन होतं.

आता प्रश्न. बरीच कार्डं पोस्टात पडलेलीच नाहीत, शिक्का नाही, मग साल कसं काढायचं? दुकानाचा माग कसा काढायचा? यातलं काही नंतर छापलेलं नक्कल असेल तर ते कसं कळणार? आणि एक जरा अवघड. नाश्त्याच्या सीरियलचं एक कार्ड आहे, त्यात काळ्या मुलीचं अगदी टिंगल करणारं चित्र आहे. ते ठेवावं का टाकावं, मला काही सुचत नाहीये.

शिक्केवाला :
ताई, मस्त खोका लागलाय हाताला. चित्र नंतर बघा, आधी सगळी कार्डं पालथी घाला. साल मागच्या बाजूला लपलेलं असतं.

अमेरिकेत सरकारी पोस्टकार्ड आलं मे १८७३ मध्ये, १ सेंटचं, तिकीट त्यावरच छापलेलं. पत्त्याची एक बाजू सोडली की दुसरी पूर्ण कोरी, त्यामुळे व्यापाऱ्यांनी ते लगेच उचललं, भाव कळवायला, माल आला सांगायला, आणि ते जे तुम्ही लिहिलंय ना की आमचे अमुक साहेब येतायत, ते फिरत्या विक्रेत्याचं आगाऊ कळवायचं कार्ड, त्याला खूप मोठी परंपरा आहे. खाजगी छापलेल्या कार्डाला मात्र पत्राइतकेच २ सेंट पडायचे. १९ मे १८९८ ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला आणि १ जुलैपासून खाजगी कार्डंही १ सेंटमध्ये जायला लागली, त्या काळातल्या कार्डांवर पाठीमागे प्रायव्हेट मेलिंग कार्ड असं आणि त्या कायद्याची तारीख छापलेली असते. डिसेंबर १९०१ मध्ये नुसतं पोस्ट कार्ड लिहायला परवानगी मिळाली. तरी मागे फक्त पत्ता लिहायचा, बाकी काही नाही, म्हणून त्या वर्षांत लोकांनी चित्राच्या कडेला बारीक अक्षरात निरोप कोंबलेले दिसतात. १ मार्च १९०७ पासून मधे रेघ आली, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. म्हणजे रेघ नसेल तर १९०७ च्या आधीचं छापील, रेघ असेल तर नंतरचं, एवढं शिक्क्याशिवाय कळतं. फक्त एक लक्षात ठेवा, दुकानदाराकडे जुना साठा पडून असायचा आणि तो वर्ष-दोन वर्षांनी पाठवायचा, त्यामुळे छपाईचं साल आणि पोस्टाचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वहीत दोन वेगळे रकाने करा.

साधारण १९१५ नंतर चित्राभोवती पांढरी किनार दिसायला लागते, १९३० पासून कापडासारखा खरखरीत पोत, ज्याला लिनन म्हणतात. तिकीट असेल तर दरही बघा. पहिल्या महायुद्धात नोव्हेंबर १९१७ ते जून १९१९ कार्डाला २ सेंट लागायचे. म्हणून शिक्क्यातलं साल पुसट असेल आणि २ सेंटचं तिकीट असेल तर ते एक चांगलं गमक, मात्र १९२५ ते १९२८ मध्येही खाजगी कार्डाला २ सेंट होते, तेव्हा पाठीचा प्रकार आणि तिकीट दोन्ही एकत्र बघायचं.

आणि हा वेडेपणा किती मोठा होता बघा, जून १९०८ ला संपलेल्या एका वर्षात अमेरिकेच्या पोस्टातून ६७ कोटींहून जास्त पोस्टकार्डं गेली, तेव्हा देशाची लोकसंख्या ९ कोटीसुद्धा नव्हती. खेड्यापाड्यात शेताच्या फाटकापर्यंत टपाल पोचवायची सोय १८९६ पासून सुरू झालेली, त्यामुळे शेगडीवाला, बियाणंवाला, नांगरवाला सगळ्यांना थेट शेतकऱ्याच्या हातात चित्र देता यायला लागलं. तुमचं शेगडीचं कार्ड त्यातलंच.

छापखाना :
वर शिक्केवाल्यांनी पाठीचं सांगितलंय, मी छपाईचं सांगतो, कारण नक्कल तिथेच पकडता येते. १० पटीचं भिंग घ्या, दागिने तपासायला वापरतात ना सोनार तसलं, आणि रंगीत भागावर धरा. जुन्या दगडी लिथोमध्ये, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेल्या छपाईत, ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकल्यासारखे, एकावर एक रंग चढलेला आणि कडा घट्ट. हाफटोनमध्ये, म्हणजे फोटोवरून ठिपक्यांनी केलेल्या छपाईत, ठिपके रांगेत, जाळीसारखे. हाफटोन दिसला म्हणजे लगेच नक्कल नव्हे हां, १९०० नंतरच्या कितीतरी अस्सल कार्डांवर तो आहेच. पण जे चित्र मूळ लिथोचं आहे असं माहीत आहे ते जर सगळं जाळीत दिसलं, अगदी अक्षरंसुद्धा ठिपक्यांची, तर ते कोणीतरी मूळ कार्डाचा फोटो काढून छापलेलं. दुसरं, अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारा, साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदात उजळवणारं रसायन असतं, तो निळसर पांढरा चमकतो, जुना कागद मंद राहतो. तिसरं अगदी सोपं, दुकानाच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर कार्ड १९६३ च्या आधीचं असूच शकत नाही.

मागे जर्मनीत छापलं असं असेल तर दचकू नका. त्या काळातला उत्तम रंगीत छापखाना म्हणजे जर्मनी, अमेरिकन प्रकाशक तिकडूनच छापून आणायचे. १९०९ मध्ये अमेरिकेने आयात कर वाढवला आणि १९१४ ला युद्धाने तो रस्ताच बंद केला, त्यामुळे जर्मनी लिहिलेलं रेघवालं कार्ड बहुतेकदा १९०७ ते १९१४ मध्ये बसतं.

आता सिंगर. ताई, त्याची मागची बाजू परत बघा. पत्त्याला जागा आहे का? माझा अंदाज आहे की नसेल, मागे कंपनीची माहिती भरगच्च छापलेली असेल. तसं असेल तर ते पोस्टकार्ड नाही, ट्रेड कार्ड आहे, दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. १८७० ते १८९० च्या दशकांत अमेरिकेत त्यांचाच बोलबाला होता, बायका-मुलं ती वहीत चिकटवायची. सिंगरने १८९२ च्या आसपास देशोदेशीचे पोशाख अशी मालिका काढली, माणसं आपापल्या कपड्यात आणि मधोमध मशीन, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती वाटली, त्यात भारताचं कार्ड होतं. त्याच प्रदर्शनात चार्ल्स गोल्डस्मिथ यांनी सरकारी १ सेंटच्या कार्डावर रंगीत इमारती छापून विकल्या आणि अमेरिकेतल्या सचित्र पोस्टकार्डाची खरी लाट तिथून उठली. म्हणजे ट्रेड कार्ड उतरणीला आणि पोस्टकार्ड चढणीला, तो सांधा तुमच्या खोक्यात आलाय. मला तर हे फार भारी वाटतं.

कागदवेडी :
अगदी बरोबर, सिंगरच्या मागे पत्त्याला जागाच नाही, सगळा मजकूर! आणि शेगडीच्या कार्डाला मधे रेघ आहे. चित्र दाट रंगात आहे आणि दुकानाचं नाव काळ्या शाईत, जरा तिरकं बसलंय. अस्वलांच्या कार्डांवर नंबर आहेत, ते कशाचे?

वाचनालयवाली :
तिरकं बसलंय हेच तर छान लक्षण आहे. कंपनी रंगीत कार्डं हजारोंनी छापायची आणि खाली कोरी पट्टी सोडायची, मग गावातला दुकानदार जवळच्या छापखान्यात आपलं नाव त्यावर चढवून घ्यायचा. माझं मत विचाराल तर मोठ्या ब्रँडवर वेळ घालवूच नका, त्यांच्यावर लिहिणारे खूप आहेत, पण त्या छोट्या हार्डवेअरवाल्यावर आजवर कोणी एक ओळ लिहिलेली नसेल आणि कदाचित त्याच्या जाहिरातीचा उरलेला एकमेव कागद तुमच्या टेबलावर आहे. शोध तिथेच लावा.

मी अमेरिकेतल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करते, माझी पद्धत अशी. पहिल्यांदा त्या गावाची सिटी डिरेक्टरी, म्हणजे दरवर्षी निघणारी नाव-धंदा-पत्ता अशी यादी, बऱ्याच स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, नसतील तर गावच्या वाचनालयात फोन करा, लोक खुशीने बघून सांगतात. दुकान कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत यादीत आहे ते लिहा, मालक बदलला की नाव बदलतं, भागीदार वाढतो, कमी होतो. कार्डावरचं नाव नेमकं ज्या वर्षांत तसंच्या तसं सापडतं तेवढाच काळ तुमच्या कार्डाचा. रेघेवरून १९०७ नंतरचं हे कळलंच आहे, डिरेक्टरी दुसरं टोक देईल. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर सॅनबॉर्न नकाशे आहेत, आगीच्या विम्यासाठी काढलेले, त्यात प्रत्येक इमारत वीट का लाकूड, किती मजली, दुकान कशाचं हे रंगाने आणि खुणेने दाखवलेलं असतं. तुमचं दुकान नकाशावर सापडलं ना की अंगावर काटा येतो. तिथेच क्रॉनिकलिंग अमेरिका म्हणून जुनी वर्तमानपत्रं फुकट आहेत, त्यात दुकानाचं नाव टाका, पण स्कॅनमधली अक्षरं मशीनने चुकीची वाचलेली असतात म्हणून नुसतं आडनाव, मग आडनाव आणि शेगडी, असं उलटसुलट करून बघा. मालकाचं नाव कळलं की १९१० ची जनगणना, कारण ७२ वर्षं झाली की जनगणनेचे कागद खुले होतात, १९५० पर्यंतचे आता कोणालाही बघता येतात.

चित्रात पेटंटची तारीख दिसली तर तीही सोडू नका, कार्ड त्या तारखेच्या आधीचं नाही एवढं नक्की. खाण्याच्या किंवा औषधाच्या कार्डावर ३० जून १९०६ च्या अन्न-औषध कायद्याचा उल्लेख असेल तर तसंच.

अस्वलांचे नंबर म्हणजे संचातला क्रमांक. १९०७ चा संच, एकूण १६, चित्रकार बी. ई. मोरलँड, कंपनी शिकागोची. १० सेंट किंवा क्रॅकर जॅकच्या खोक्यांच्या बाजू कापून पाठवल्या की घरी यायचा. तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यामुळे टेडी बेअरचं वेड होतं, म्हणून अस्वलं, एका कार्डात ती रूझवेल्टना भेटतात पण. तुमच्याकडे कोणते नंबर आहेत?

आणि जेफरसन बर्डिक यांचं नाव ऐकून ठेवा. सिरॅक्यूजचे गृहस्थ, सांधेदुखीने आयुष्यभर बेजार, पण छापील कार्डांची पहिली पद्धतशीर यादी त्यांनी केली, बेसबॉल कार्डांना टी-२०६ वगैरे म्हणतात ते नंबर त्यांचेच. ३ लाखांहून जास्त कागद त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले, तिथे जाऊन स्वतः वह्यांमध्ये चिकटवत बसायचे, ते काम जानेवारी १९६३ मध्ये पुरं केलं आणि मार्चमध्ये गेले. म्युझियमच्या साइटवर त्यातलं खूप काही बघायला मिळतं.

डेट्रॉइटकर :
ताई, त्या सीरियलच्या कार्डाबद्दल. कॉर्न किंक्सचं आहे का? बफेलोच्या एच-ओ कंपनीने कॉर्नेलिया किंक्स नावाच्या काळ्या मुलीचं पात्र करून १९०७ च्या सुमारास कार्डं काढली होती. ते असो वा दुसरं, फेकू नका असं मी मनापासून सांगेन. ही चित्रं कोणा एकाच्या विकृतीतून आलेली नव्हती, मोठमोठ्या कंपन्यांनी पैसे मोजून ती घराघरात पोचवली, सकाळच्या नाश्त्याबरोबर मुलांच्या हातात दिली, आणि असं कधी झालंच नाही म्हणणाऱ्याला दाखवायला हाच कागद लागतो. पण फ्रेम करून भिंतीवर लावू नका आणि नोंदीत गोड शब्दांत झाकूही नका, काय आहे ते सरळ लिहा. तुम्ही मिशिगनमध्येच आहात तर बिग रॅपिड्सला फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीत जिम क्रो म्युझियम आहे, अशाच वस्तूंचं, शिकवण्यासाठी मांडलेलं. मुलं मोठी असतील तर घेऊन जा. कार्ड ठेवायचं नसेल तर त्यांना विचारता येईल.

आणि तो डो-वाह-जॅकपण त्याच वहीत लिहा. डोवॅजॅक गावच्या शेगडी कंपनीने गावाच्या नावावरून उभा केलेला जाहिरातीतला इंडियन आहे तो. खरे पोटावाटोमी लोक, म्हणजे तिथली मूलनिवासी जमात, मात्र त्याच भागात राहत होते, आजही त्यांच्या पोकॅगन शाखेचं मुख्यालय डोवॅजॅकलाच आहे. जाहिरातीतला इंडियन आणि शेजारी राहणारा माणूस यातलं अंतर दिसलं पाहिजे, नाहीतर संग्रह नुसता सुंदर चित्रांचा ढीग होतो.

कागदवेडी :
डेट्रॉइटकर दादा, खूप आभार, हे असं मला कोणी सांगितलं नसतं. ठेवते आणि नीट नोंद करते. कॉर्न किंक्सच आहे. वाचनालयवाली ताई, अस्वलं ३, ८ आणि ११ आहेत.

शेवटचे दोन प्रश्न. साठवायची कशी, आणि एका कार्डावर तिकिटाखाली काहीतरी छापलेलं अर्धवट दिसतंय, बहुतेक छापणाऱ्याचं नाव. वाफेवर धरून तिकीट काढू का?

शिक्केवाला :
नाही नाही, तिकीट अजिबात काढू नका! तिकीट, शिक्का आणि कार्ड एकत्र आहेत म्हणून तो पुरावा आहे, सुटं केलं की शिक्क्याचा अर्धा भाग एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे, आणि वाफेने रंग फुटतो तो वेगळाच. कार्ड खिडकीच्या काचेवर धरून बघा किंवा मागून दिवा लावून फोटो काढा. तेही नाही जमलं तर तिकीट ठेवायच्या चौकोनाची आणि पोस्ट कार्ड या अक्षरांची घडण बघा, प्रत्येक छापणाऱ्याची वेगळी असते, आणि त्याच घडणीचं दुसरं, तिकीट न लावलेलं कार्ड शोधा, त्यावर नाव उघडं मिळेल.

साठवायला पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे स्लीव्ह घ्या, पीव्हीसीचे नको, ते काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढतात. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठाही आम्लाचा असतो, ॲसिड-फ्री पेटी घ्या आणि कार्डं उभी ठेवा. तळघरात ठेवू नका, मिशिगनच्या तळघरात उन्हाळ्यात दमट होतंच. नोंद कार्डावर पेन्सिलनेही नको, स्लीव्हमध्ये वेगळी चिठ्ठी घाला. आणि खोका कोणत्या गावच्या घरातून आला, पत्ते कोणाच्या नावाचे आहेत, हे आजच लिहून ठेवा. एकाच घरी आलेली कार्डं असतील तर ती ब्रँडप्रमाणे वेगळी करायच्या आधी मूळ क्रमाने सगळ्यांचे दोन्ही बाजूंचे स्कॅन करा, ३०० नाही, ६०० डीपीआयवर.